हालचाल मोजता येते, पण आजार मोजता येतो का?

गेल्या अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. चित्रपटांतली आणि व्हिडिओ गेममधली पात्रे जिवंत भासावीत म्हणून वापरले जाणारे मोशन कॅप्चर तंत्र आता मनोविकारांच्या अभ्यासातही वापरले जाते, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर बरीच पत्रे आली. काही विद्यार्थ्यांची होती, काही रुग्णांच्या नातेवाइकांची, आणि एक चांगलेच रागावलेले होते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे पुढे देत आहोत. पत्रलेखकांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मनोविकार हा विचारांचा आणि भावनांचा आजार आहे, असेच आजवर वाचत आलो. मग रुग्ण कसा चालतो, हात कसा हलवतो, हे मोजून हाती काय लागणार? हातात नवे यंत्र आले म्हणून हा खटाटोप चालला आहे, असे तर नाही ना?

उत्तर : नव्या यंत्राला काम शोधून देण्याचा मोह संशोधकांना होतो, हे खरे आहे, परंतु इथे प्रश्न यंत्राच्या कितीतरी आधीचा आहे. कार्ल काल्बाऊम या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८७४ साली ‘कॅटाटोनिया’चे वर्णन केले. तासन्‌तास एकाच स्थितीत राहणारे, कोणी हात उचलून ठेवला तर तो तसाच अधांतरी धरून बसणारे रुग्ण त्याने पाहिले होते. त्याच्यामागून आलेल्या एमिल क्रेपेलिनने, आज आपण ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजाराची मांडणी करताना, रुग्णांच्या अडखळत्या आणि लय हरवलेल्या हालचाली बारकाईने नोंदवल्या. लिहिताना लेखणीचा किती दाब पडतो हे मोजणारे उपकरणही तो वापरत असे. म्हणजे मनोविकारशास्त्राच्या अगदी पायाभरणीच्या काळात हालचाल हा लक्षणांचाच भाग मानला जात होता.

तो मागे पडला याचे एक मोठे कारण औषधे हे आहे. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारांवरचे औषध आणि नंतर त्याच्या जातीची इतर औषधे वापरात आली. लाखो रुग्णांना त्यांचा उपयोग झाला. पण मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे काम अडवणाऱ्या या औषधांनी अंग ताठरणे, हात थरथरणे, एका जागी बसवेनासे होणे, तोंडाच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली, असे त्रासही आणले. हे त्रास इतके ठळक होते की रुग्णाच्या हालचालीत काही वेगळे दिसले की ते औषधामुळेच, असे गृहीत धरण्याची सवय वैद्यकाला लागली. ही सवय मोडायला काही दशके जावी लागली. आयुष्यात कधीही औषध न घेतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतही ताठरपणा आणि अनैच्छिक हालचाली आढळतात, हे हळूहळू स्पष्ट झाले. अमेरिकेत एलेन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर वेगळ्याच वाटेने गेला. ज्यांना मोठेपणी स्किझोफ्रेनिया झाला अशा व्यक्तींच्या बालपणी घरच्यांनी काढलेल्या चित्रफिती त्यांनी मिळवल्या आणि पुढे कोणाला आजार झाला हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांकडून त्या तपासून घेतल्या. पहिल्या दोन वर्षांतच या मुलांच्या हातापायांच्या हालचालींत त्यांच्या निरोगी भावंडांपेक्षा वेगळेपणा जास्त दिसत होता. त्याच वर्षी ब्रिटनमधून, १९४६ साली जन्मलेल्या मुलांच्या दीर्घ पाहणीतून, असे निष्पन्न झाले की पुढे हा आजार झालेली मुले सरासरीने १.२ महिने उशिरा चालू लागली होती. हा फरक गटाच्या सरासरीतला आहे. उशिरा पाऊल टाकणाऱ्या एखाद्या बाळाविषयी त्यावरून काहीही सांगता येत नाही. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याचीच पत्रे येतील.

मेंदूच्या रचनेकडे पाहिले तर यात नवल वाटू नये. हालचाल सुरू करणे, थांबवणे आणि तिचा जोर ठरवणे ही कामे करणारे बेसल गँग्लिया हे भाग इच्छा, उत्साह आणि एखाद्या गोष्टीची ओढ यांच्याशीही जोडलेले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने मनोविकारांच्या संशोधनासाठी जो आराखडा केला आहे, त्यात २०१९ साली हालचालींशी संबंधित क्षेत्राची स्वतंत्र भर घातली गेली, ती याच कारणाने.

प्रश्न : मी अॅनिमेशनचे शिक्षण घेते. आमच्या संस्थेत मोशन कॅप्चरची पूर्ण यंत्रणा आहे. तीच वापरून अशा प्रकारचे संशोधन करता येईल का, की त्यासाठी काही वेगळे लागते?

उत्तर : यंत्रणा बहुधा चालेल, बदलाव्या लागतील त्या आपल्या सवयी. तंत्र आपल्याला माहीत असले तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. अंगावर ठरावीक जागी प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोल मणी, म्हणजे मार्कर, चिकटवतात. खोलीभोवती आठ-दहा किंवा अधिक कॅमेरे असतात आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती इन्फ्रारेड दिव्यांचे कडे असते. मार्करवर पडलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत फिरतो, त्यामुळे कॅमेऱ्याला माणूस जवळजवळ दिसतच नाही, दिसतात ते काळ्या पार्श्वभूमीवरचे पांढरे ठिपके. एकच ठिपका किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला की त्याचे अवकाशातले स्थान भूमितीने काढता येते, आणि चांगल्या यंत्रणेत ते मिलिमीटरहूनही कमी चुकीने, सेकंदाला शंभर-दोनशे वेळा काढले जाते. कल्पना जुनीच आहे. फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८० च्या दशकात माणसाला काळे कपडे घालून, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावून, एकाच काचेवर त्याच्या चालण्याच्या अनेक छटा टिपल्या होत्या.

आता सवयींबद्दल. अॅनिमेशनमध्ये मिळालेली माहिती ‘स्वच्छ’ करतात. थरथर गुळगुळीत करतात, निसटलेले ठिपके अंदाजाने भरतात, पात्राची हालचाल नेत्रसुखद करतात. अभ्यासकाला नेमकी ती थरथरच हवी असते. चालीच्या विश्लेषणातसुद्धा सेकंदाला सुमारे ६ आवर्तनांहून जलद असलेले चढउतार गाळणारे फिल्टर सर्रास लावले जातात, कारण चालण्याची मुख्य हालचाल त्याहून संथ असते. तोच फिल्टर विचार न करता रुग्णाच्या हाताच्या नोंदीवर चालवला, तर औषधाने येणारा बारीक कंप आलेखातून पुसला जातो आणि हात निरोगी असल्याचा निष्कर्ष निघतो. म्हणून फिल्टर न लावलेली मूळ नोंद कायम जपून ठेवावी.

दुसरी गोष्ट मार्कर चिकटवण्याची. मार्कर त्वचेवर असतो, सांधा आत असतो, आणि त्वचा हाडावर सरकते. म्हणून कोपर किंवा घोटा बोटांनी चाचपून, हाडाचा उंचवटा सापडल्यावर नेमका त्यावर मार्कर लावावा लागतो. हे काम दोन वेगळ्या माणसांनी केले तर एक-दीड सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि दोन भेटींमध्ये दिसलेली ‘सुधारणा’ ही कधीकधी फक्त मार्करच्या जागेतली तफावत निघते. शक्यतो एकाच व्यक्तीने सर्व भेटींत मार्कर लावावेत. स्टुडिओत हे पाळले नाही तरी पात्र नाचते. इथे चालत नाही.

प्रश्न : अनुभवी डॉक्टरला रुग्ण दारातून आत येतानाच बरेच काही कळते, असे म्हणतात. शिवाय हालचालींची तीव्रता ठरवणाऱ्या प्रश्नावल्या आहेतच. मग एवढ्या महागड्या कॅमेऱ्यांची गरज काय?

उत्तर : अनुभवी डोळ्याला पर्याय नाही, हे मान्य. एखादी हालचाल विचित्र आहे हे ओळखण्यात माणूस अतिशय तरबेज असतो. स्वीडनमधल्या गुन्नर योहान्सन यांनी १९७३ साली दाखवून दिले की अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर जेमतेम दहा-बारा दिवे लावले, तर पाहणाऱ्याला क्षणार्धात तो माणूस चालतो आहे हे समजते. डोळा अडतो तो ‘किती’ या प्रश्नापाशी. अनैच्छिक हालचालींसाठी जगभर वापरली जाणारी एआयएमएस ही मोजपट्टी प्रत्येक हालचालीला ० ते ४ असे गुण देते. ‘अगदी थोडी’ आणि ‘सौम्य’ यांतली सीमारेषा दोन डॉक्टर दोन ठिकाणी आखतात, आणि एकच डॉक्टर सहा महिन्यांनी ती तिथेच आखेल याचीही खात्री नसते.

कंपाचे उदाहरण घेऊ. द्विध्रुवी विकारासाठी, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजारासाठी, लिथियम हे औषध घेणाऱ्या आणि सोबत डोपामिन अडवणारे औषधही चालू असलेल्या व्यक्तीचा हात थरथरतो आहे. कारण कोणते? पाहणाऱ्याला दोन्ही थरथरींत फार फरक जाणवेलच असे नाही. आता तिच्या तर्जनीच्या टोकाला आणि मनगटाला मार्कर लावले, तिला आधी हात मांडीवर सैल सोडायला सांगितले आणि नंतर समोर ताणून धरायला. नोंदीचे विश्लेषण केले की थरथरीची ऊर्जा कोणत्या आवर्तनांभोवती गोळा झाली आहे ते आलेखात टोकदार शिखरासारखे दिसते. पार्किन्सनसारखा औषधजन्य कंप साधारणतः सेकंदाला ४ ते ६ आवर्तनांचा असतो आणि हात विसावलेला असताना जास्त दिसतो. लिथियमचा कंप बारीक, जलद, साधारणतः ८ ते १२ आवर्तनांचा असतो आणि हात ताणून धरला की उमटतो. शिखर कुठे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, यावरून संशयाची दिशा ठरते. दोन्ही शिखरे एकाच नोंदीत असू शकतात, आणि ती तशी असली तर ती गोष्ट नुसत्या नजरेने निसटण्याचीच शक्यता अधिक. अंतिम निर्णय औषधांचा इतिहास, रक्ततपासणी आणि डॉक्टरांचे परीक्षण यांवरूनच होतो. कॅमेरा त्यात एक ठोस आकडा पुरवतो.

अंगठा आणि तर्जनी भराभर टेकवण्याच्या साध्या चाचणीतही हेच घडते. पहिली चार-पाच टेकवणी रुंद आणि नियमित असतात, पुढे बोटांमधले अंतर घटत जाते, लय मधेच अडते. डॉक्टर ‘मंद’ एवढेच लिहितो. मंदपणा सुरुवातीपासून होता की वाढत गेला, आणि कमी झाले ते अंतर की वेग, हे नोंदीतून वेगळे करता येते.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला गेली काही वर्षे स्किझोफ्रेनियासाठी औषधे चालू आहेत. तो पूर्वी भराभर चालायचा. आता पाय ओढल्यासारखे चालतो, हात अंगाला चिकटलेले असतात. हे आजारामुळे की औषधामुळे? अशी तपासणी केली तर कळेल का? ताई म्हणून मला राहवत नाही.

उत्तर : ताई, आपले निरीक्षण नेमके आहे; ते आहे त्याच शब्दांत भावाच्या डॉक्टरांना सांगा आणि बदल साधारण केव्हापासून दिसू लागला, त्या सुमारास औषध किंवा त्याची मात्रा बदलली होती का, हेही सांगा. तोवर औषध स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. आजार उलटण्याचा धोका तर असतोच, शिवाय औषध अचानक काढल्यावर काही रुग्णांत तोंडाच्या, जिभेच्या अनैच्छिक हालचाली काही काळ उफाळून येतात.

आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की एका भेटीतल्या एका नोंदीवरून हे ठरवता येत नाही. हात न हलणे आणि पावले लहान होणे हे औषधाने येते, आजारानेही येते, वाढलेल्या वजनाने, कंटाळ्याने, सोबत आलेल्या नैराश्याने, अगदी पायातल्या चपलेनेही येते. कॅमेऱ्याला परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. मात्र त्याच व्यक्तीची औषध बदलण्यापूर्वीची आणि नंतरची नोंद शेजारी ठेवली, तर चित्र बरेच उलगडते. मात्रा घटवल्यावर काही आठवड्यांत हातांची हालचाल मोकळी झाली, तर संशय औषधावर जातो. म्हणूनच माझ्या मते या तंत्राचा सर्वांत भरवशाचा उपयोग एका माणसाची तुलना त्याच्या स्वतःशी करण्यात आहे. रुग्ण आणि निरोगी यांचे गट एकमेकांशेजारी ठेवण्याला त्या मानाने फार महत्त्व मिळाले आहे.

अजून एक सांगतो, कारण ते घरच्यांनाच आधी कळते. भाऊ सतत येरझारा घालत असेल, बसल्या जागी पाय हलवत असेल, तर त्याला ‘आतून कसे वाटते’ हे विचारा. काही औषधांनी अकथिसिया नावाचा त्रास होतो. त्यात आतल्या आत असह्य चुळबुळ होते. बाहेरून पाहिले तर ती साध्या चिंतेसारखीच दिसते. हा त्रास मोजण्यासाठी १९८९ साली तयार झालेली बार्न्स मोजपट्टी डोळ्यांना दिसणाऱ्या हालचालीचे गुण वेगळे आणि रुग्णाच्या अनुभवाचे वेगळे नोंदवते. यातला दुसरा भाग कोणताही कॅमेरा भरू शकत नाही.

प्रश्न : नैराश्यात माणसाची चाल बदलते हे मोजून सिद्ध झाले आहे का? आणि तसे असेल तर मुद्दाम ताठ मानेने, झपझप चालून नैराश्य घालवता येईल का?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर होय. योहानेस मिखालाक, निकोलाऊस ट्रोये आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयात दाखल असलेल्या नैराश्याच्या १४ रुग्णांची चाल मोशन कॅप्चरने टिपली आणि कधीही नैराश्य न आलेल्या १४ व्यक्तींशी ताडून पाहिली. रुग्ण हळू चालत होते, त्यांच्या हातांचे झोके लहान होते, पावलागणिक डोके वरखाली होण्याचे प्रमाण कमी होते, खांदे पुढे झुकलेले होते. उलट धड डाव्या-उजव्या बाजूला अधिक डुलत होते. शेवटची गोष्ट नुसत्या अंदाजाने कोणी सांगितली नसती.

पण इथे एक खाचखळगा आहे आणि त्यात अनेक अभ्यास अडकतात. कोणीही माणूस हळू चालला की त्याच्या हातांचे झोके आपोआप लहान होतात आणि डोके कमी उसळते. मग रुग्णांत दिसलेला फरक नैराश्याचा मानायचा की निव्वळ संथ गतीचा? त्यासाठी एकतर निरोगी व्यक्तींनाही त्याच संथ वेगाने चालवून पाहावे लागते, किंवा सर्वांना ट्रेडमिलवर एकाच वेगाने चालवावे लागते, किंवा गणिताने वेगाचा वाटा वजा करावा लागतो. यांपैकी प्रत्येक उपायाला त्याची त्याची किंमत आहे. ट्रेडमिलवर वेग पट्टा ठरवतो, म्हणजे नैराश्याचे सर्वांत बोलके लक्षणच आपण प्रयोगातून काढून टाकतो. कोणता उपाय निवडला आणि का, हे न सांगणारा शोधनिबंध वाचताना मी तरी सावध होतो.

दुसऱ्या भागाबाबत : मिखालाक आणि ट्रोये यांनीच पुढे २०१५ साली असे दाखवले की ट्रेडमिलवरच्या व्यक्तींना, हेतू न सांगता, पडद्यावरच्या खुणेच्या आधारे ‘आनंदी’ किंवा ‘खिन्न’ धाटणीने चालायला लावले, तर खिन्न धाटणीने चालणाऱ्यांना नकारात्मक शब्द तुलनेने अधिक आठवत होते. यावरून चाल आणि स्मरण यांचा दुवा दिसतो. तो प्रयोग नैराश्याच्या रुग्णांवर उपचार म्हणून केलेला नव्हता, त्यामुळे त्यातून उपचाराचे सूत्र काढणे घाईचे ठरेल. नियमित व्यायामाचा नैराश्यात उपयोग होतो, हे अन्य पुराव्यांवरून सांगता येते. ‘ताठ चाल, बरा होशील’ हे सांगता येत नाही. ज्याला अंथरुणातून उठणेच जड झाले आहे, त्याला हा सल्ला शिक्षेसारखा वाटतो.

प्रश्न : मी समुपदेशक आहे. माझ्या कामात दोन माणसांमधला संवाद महत्त्वाचा. एकट्या रुग्णाच्या हालचाली मोजून त्याच्या सामाजिक अडचणी कशा कळणार?

उत्तर : एकट्याच्या मोजून कळत नाहीत, म्हणूनच काही संशोधकांनी सर्वांच्या एकदम मोजल्या. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात मेरी लॅव्हेल, पॅट हीली आणि रोझ मॅककेब यांनी तिघातिघांचे गट केले. काही गटांत एक स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आणि दोन अनोळखी निरोगी व्यक्ती होत्या, आणि आपल्यातला एकजण रुग्ण आहे हे त्या दोघांना सांगितलेले नव्हते. तिघांच्याही अंगावर मार्कर होते आणि तिघे एका प्रश्नावर चर्चा करत होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्ण बोलताना हातवारे कमी करत होते आणि दुसऱ्याचे ऐकताना मानही कमी डोलावत होते.

आपल्यासारख्या समुपदेशकाला यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटेल. समोरचा माणूस बोलत असताना आपण जी मान हलवतो, ती ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ अशी पावती असते. ती मिळाली नाही की बोलणारा नकळत चाचरतो, वाक्य आवरते घेतो. रुग्णाला लोक टाळतात याचे सगळे खापर त्याच्या विचित्र बोलण्यावर फुटते. प्रत्यक्षात संवादाचा धागा काही अंशी त्याच्या न हललेल्या मानेपाशीही सुटत असावा, असे मला वाटते. मान कमी का हलते, हे मात्र या नोंदी सांगत नाहीत. लक्ष टिकत नाही म्हणून, औषधाने मान ताठरली म्हणून, की इतकी वर्षे कोणी नीट बोललेच नाही म्हणून?

आपल्या खोलीतल्या कामाशी याहून जवळचा अभ्यास स्वित्झर्लंडमध्ये बर्नला झाला. फाबियान रामझायर आणि वोल्फगांग चाखर यांनी २०११ साली मानसोपचाराच्या १०४ सत्रांच्या साध्या चित्रफिती घेऊन, रुग्ण आणि उपचारक यांच्या हालचाली किती एकमेकांच्या तालावर चालतात हे संगणकाने मोजले. मार्कर नाहीत, कॅमेऱ्यांचे कडे नाही. चित्राच्या ठरावीक भागात किती बदल झाला एवढेच मोजायचे. दोन माणसे समोरासमोर बसली की काही मेळ योगायोगानेही दिसणारच, म्हणून त्यांनी एकाच्या हालचालींचे तुकडे उलटसुलट करून खोट्या जोड्या तयार केल्या आणि खरा मेळ त्या खोट्या मेळाहून जास्त आहे का हे तपासले. तो जास्त निघाला, आणि जिथे मेळ अधिक तिथे रुग्णांनी नातेही अधिक चांगले असल्याचे सांगितले. मेळामुळे नाते जुळते की नाते जुळल्यामुळे मेळ येतो, हे अशा नोंदीतून ठरत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाच्या शाळेने त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असावा असे सुचवले आहे. डोक्याला पट्टी बांधून कॅमेऱ्याने निदान करणारी चाचणी असते, असे ऐकले. ती करून घ्यावी का?

उत्तर : आपण ऐकले ती बहुधा क्यूबीटेस्ट असावी. मूल संगणकासमोर बसून पडद्यावरच्या खुणांना प्रतिसाद देते आणि कपाळावरच्या पट्टीवरील मार्करमुळे त्याच्या डोक्याची हालचाल इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो. तपासण्या आणि उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२४ साली ६ ते १७ वयोगटासाठी तिचा वापर करायला हरकत नाही असे म्हटले आहे, परंतु तज्ज्ञाच्या पूर्ण तपासणीच्या जोडीनेच. चाचणीच्या आधी बालमनोविकारतज्ज्ञाकडे जा. गरज वाटली तर ती करायला तेच सांगतील.

प्रश्न : आता मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चालले की अॅप नैराश्य ओळखते म्हणे. यावर किती विश्वास ठेवावा?

उत्तर : तंत्र खरे आहे. ओपनपोझसारख्या प्रणाली २०१७ च्या सुमारास आल्यापासून साध्या चित्रफितीतून, मार्कर न लावता, सांध्यांची जागा काढता येते. अचूकता प्रयोगशाळेतल्या यंत्रणेइतकी नसते, सैल कपड्यांनी फसगत होते, आणि सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बारीक, जलद कंप भरवशाने मोजता येत नाही. पण चालण्याचा वेग आणि हातांचे झोके बरे कळतात.

दावा मात्र वेगळा तपासायला हवा. समजा, हजार लोकांत दहाजणांना एखादा आजार आहे आणि अॅप शंभरातल्या नव्वद रुग्णांना बरोबर ओळखते, तसेच शंभरातल्या नव्वद निरोगी लोकांनाही बरोबर ओळखते. ऐकायला हे उत्तमच वाटते. प्रत्यक्षात दहापैकी नऊ रुग्ण सापडतील, आणि ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणांना तुम्ही आजारी आहात असा निरोप जाईल. म्हणजे निरोप मिळालेल्या १०८ जणांत खरे रुग्ण नऊच. शिवाय अशा प्रणाली अनेकदा लहान गटांवर घडवलेल्या असतात. एकाच व्यक्तीच्या काही चित्रफिती शिकवताना आणि उरलेल्या परीक्षेच्या वेळी वापरल्या, तर संगणक आजार न शिकता त्या व्यक्तीची चाल शिकतो आणि परीक्षेत चमकतो. अॅप काय म्हणते यापेक्षा झोप, भूक, मन लागणे यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ बदल जाणवत असेल तर डॉक्टरांकडे जाणे योग्य.

प्रश्न : आपले टिपण वाचून संताप आला. आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवते आहे, या भयाने जो माणूस आधीच पिडलेला आहे, त्याला दहा कॅमेऱ्यांसमोर अंगाला चिकटणारे कपडे घालून उभे करायचे, याला संशोधन म्हणावे की क्रूरपणा? आणि ‘फक्त ठिपके टिपले जातात, ओळख पटत नाही’ असे सांगणे ही तर शुद्ध फसवणूक आहे.

उत्तर : दुसरा आरोप आधी घेतो, कारण तो बराचसा खरा आहे. जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी १९७७ सालीच दाखवले होते की केवळ सांध्यांवरच्या ठिपक्यांच्या हालचालीवरून माणसे आपल्या मित्रांना निव्वळ योगायोगाने ओळखतील त्याहून अधिक वेळा ओळखतात. आज संगणक हे काम त्याहून सहज करू शकतो. चेहरा नाही म्हणजे ओळख नाही, हे विधान संमतिपत्रात असता कामा नये. चालीची नोंद ही वैद्यकीय कागदपत्रांइतकीच खासगी मानली पाहिजे आणि ती कोण, किती काळ, कशासाठी ठेवणार आहे हे सहभागी व्यक्तीला तिच्या भाषेत सांगितले पाहिजे.

पहिल्या आरोपाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. संशयाचे भ्रम असलेल्या व्यक्तीला या खोलीची भीती वाटू शकते, यात शंका नाही. परंतु तिच्या वतीने आपणच नकार देऊन टाकणे हाही तिचा अपमानच होय. सावध संशोधक आधी कॅमेरे बंद असताना खोली दाखवतात, मार्कर हातात घेऊन पाहू देतात, आधी दुसऱ्याची नोंद घेऊन पडद्यावर नेमके काय दिसते ते दाखवतात, आणि कोणत्याही क्षणी थांबण्याची मुभा खरोखर देतात. चिकट कपड्यांचा आग्रह बऱ्याचदा सोडता येतो. बाह्या वर करून, पट्ट्या बांधून काम भागते. भ्रम तीव्र असतील आणि व्यक्तीला संमतीचा अर्थच समजत नसेल, तेव्हा तिला सहभागी करून घेऊ नये.

एवढे करूनही काही जण नकार देतात, आणि नकार देणाऱ्यांत जास्त भ्यालेले, जास्त आजारी लोक अधिक असणार हे उघड आहे. त्यामुळे अशा अभ्यासांत ‘स्किझोफ्रेनियाचे रुग्ण’ म्हणून ज्यांचे आलेख छापले जातात, ते बहुतांशी कॅमेऱ्यांसमोर उभे राहायला तयार झालेले, म्हणजे तुलनेने सावरलेले रुग्ण असतात. शोधनिबंध हातात पडला की किती जणांना विचारले आणि किती जण नाही म्हणाले, तो आकडा आधी शोधा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. अनेक निबंधांत तो सापडत नाही.